झाडांचं निमित्त

वहिनी, परवा अनिकेत पुण्याला परत गेला. तुझं दिवसकार्य झाल्यावरही तो आठवडाभर थांबला होता. कपाटं आवरली, तुझ्या साड्या कुणाकुणाला द्यायच्या ते मला विचारून बाजूला काढल्या, दिवाळीला दाराशी एक पणती लावली. निघायच्या सकाळी बूट घालून पुढच्या अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, तूही चल माझ्याबरोबर. एकटी काय करणार इथे?"

मी म्हटलं, "आत्ता नको. जरा दिवस जाऊ दे."

त्याने जास्त आग्रह केला नाही. तुझाच मुलगा आहे, हट्ट दादाचा घेतलेला नाही. रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. मग आत आले, दोघींचा म्हणून चहा टाकला, आणि उकळी आल्यावर लक्षात आलं. जास्तीचा चहा ओतून दिला नाही. दोन्ही कप मीच प्याले.

आज लिहायला बसले आहे. तुला कधी पत्र लिहायची वेळ आली नाही. अठ्ठावीस वर्षं एकाच छपराखाली राहिलेल्या बायका एकमेकींना पत्र कशाला लिहितील? जे असेल ते स्वयंपाकघराच्या दारातून ओरडून सांगायचं. आणि जे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, ते तसंच राहिलं.

मी निजामाबादहून आले तेव्हा तेहतीस वर्षांची होते. माझा संसार मोडला होता आणि दादा मला घेऊन आला होता. सिकंदराबादचं हे घर आमच्या वडिलांनी रेल्वेत असताना बांधलेलं, म्हणजे तसं माझं माहेरच. पण माहेरात आई-वडील नव्हते, तू होतीस. पुण्याची, व्यवस्थित, कमी बोलणारी. मी "काय करायलाव वहिनी?" असं विचारलं की तू आधी "काय करताय" असं दुरुस्त करायचीस आणि मग उत्तर द्यायचीस. आठ वर्षांचा अनिकेत हसायचा. मला त्या दिवसांत कुणीच हसलेलं सहन होत नव्हतं.

तीन महिने मी मधल्या खोलीत बसून काढले. जूनच्या शेवटी एका सकाळी तू टिकाव आणून माझ्यासमोर भिंतीला टेकवून ठेवलास.

"शैलाताई, मागचं अंगण तुम्ही घ्या. पुढचं माझ्याकडे राहू दे. मला भाजीपाल्यातलं काही कळत नाही."

तू इतकंच बोललीस आणि दळण आणायला गेलीस. मी त्या टिकावाकडे बघत बसले. पुढच्या अंगणात तुझे गुलाब होते, फाटक होतं, रस्त्यावरून येणारं-जाणारं माणूस दिसायचं. मागे कपडे वाळत घालायची दोरी होती आणि न्हाणीघराचं पाणी वाहायचं. नवरा सोडून आलेली नणंद लोकांच्या नजरेला पडू नये, म्हणून तिला मागे पाठवली, असं मी समजले. रागारागात खणायला गेले. वीतभर खाली गेले तर टिकाव खणकन वाजला. आपल्या या भागात कुठेही खणा, खाली दगडच.

मी रडले की नाही आठवत नाही. कुंपणाच्या भिंतीवरून यादम्मा बघत होती एवढं आठवतं. शेजारची यादम्मा तेव्हा माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, तोंडात कायम पान. तिने पदराच्या गाठीतून बी काढून माझ्या ओंजळीत घातलं आणि म्हणाली, "ये डालो अम्मा. गोंगुरा. पत्थर पे बी आता."

म्हणजे अंबाडी. वीतभर मातीत ती खरंच आली, पंधरा दिवसांत लाल देठांची रांग उभी राहिली. पहिली जुडी मी तुझ्यासमोर ठेवली. तू ती ज्वारीच्या कण्या घालून केलीस, वर लसणाची फोडणी. जेवताना म्हणालीस, "आंबट आहे. बरी आहे." पुढे कळलं की ही तुझ्याकडून मोठीच शाबासकी होती.

त्या जूनबद्दल मी तुला कधी विचारलं नाही. तीन वर्षांनी एकदा विचारायची वेळ आली होती. तुझी मावशी पुण्याहून आली होती. जानेवारी होता, तुझ्या गुलाबांचे दिवस. तुम्ही दोघी पुढे व्हरांड्यात बसला होतात आणि मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते. मावशी हळू बोलल्या असाव्यात, पण या घरात काहीच हळू राहत नाही.

"नणंद अजून इथेच का गं?"

माझा हात कढईवर थांबला. मग तुझा आवाज आला, "मावशी, चप्पल घाला. तुम्हाला शैलाताईंचा मळा दाखवते."

तू त्यांना व्हरांड्यातून, मधल्या खोलीतून, माझ्या समोरून, स्वयंपाकघराच्या दाराने मागे घेऊन गेलीस. वालाचा मांडव भरला होता. टोमॅटो होते, मेथी होती, कोथिंबीर होती, दगड उकरून उकरून मी तिथे ढोपरभर माती केली होती. तू मावशींना प्रत्येक वाफा दाखवलास. वालाच्या शेंगा तोडून त्यांच्याच पदरात घातल्यास. "आमच्याकडे आता थंडीत भाजी आणावी लागत नाही," असं म्हणालीस. ते पोहे तळाला लागले होते. तू खाताना एक अक्षर काढलं नाहीस.

त्या संध्याकाळी मी ठरवलं होतं विचारायचं, की वहिनी, तेव्हा तुम्ही मला मागे का धाडलंत. विचारलं नाही. आज वाटतं, दोन्ही खरं असेल. तेव्हा मी तुला घरात जड झाले असेन, आणि या बाईच्या हाताला काम दिलं नाही तर ती उठायची नाही, हेही तुला दिसलं असेल. तू काही देवी नव्हतीस. मीही नव्हते.

मग मला शाळेत गणिताच्या शिक्षिकेची नोकरी लागली आणि आपली दोन अंगणं आपापल्या वेळापत्रकाने चालू राहिली. पावसाळ्यात माझ्याकडे भेंडी, दोडका, अंबाडी. तुझ्या गुलाबांच्या पानांवर तेव्हा काळे ठिपके पडायचे आणि तू फवारणी करायचीस, आणि मी मागच्या दारातून ओरडायचे की वारा माझ्या भाजीवर यायलाय. दसऱ्याच्या सुमारास तू छाटणी काढायचीस. ते आपलं वर्षाचं ठरलेलं भांडण. कळ्या लागलेली फांदी तू गुडघ्याइतकी कापायचीस, आणि मला ते बघवायचं नाही.

"अहो, चार दिवसांत फुललं असतं ते."

"आत्ता दया केली तर डिसेंबरात काड्या मिळतील, शैलाताई."

डिसेंबरात तुझंच खरं व्हायचं. ताटलीएवढी फुलं यायची. तरी पुढच्या दसऱ्याला मी पुन्हा तेच बोलायचे. तुला त्याचा राग येत होता की गंमत वाटत होती, कोण जाणे.

दादा गेला तो मे महिना होता. आता नऊ वर्षं झाली. घर तेरा दिवस माणसांनी भरलेलं होतं, आणि झाडांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. हैदराबादच्या मे महिन्यात तेरा दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. चौदाव्या दिवशी सगळे गेले. सकाळी तू मागच्या दारात येऊन उभी राहिलीस. कढीलिंब आणि लिंबाचं झाड सोडलं तर सगळ्यांनी माना टाकल्या होत्या. पुढेही तेच. दादा गेल्यापासून तू माझ्यासमोर रडली नव्हतीस. त्या सुकलेल्या वांग्यांकडे बघून रडलीस. मग डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "शैला, बादली आण."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा 'ताई' नव्हतं.

"आणते," मी म्हटलं. "तू बस."

तेव्हापासून तू तू झालीस. आपण दोघींनी मिळून दोन्ही अंगणांना पाणी घातलं, आणि तेव्हाच पहिल्यांदा मी गुलाबांना हात लावला.

त्याच वर्षी अनिकेत तुला पुण्याला बोलवायला लागला. त्याची नोकरी तिथे, लग्न झालेलं, मोठं घर. तुझं तर गावच ते, तुझी भावंडं तिथे. कुणालाही वाटलं असतं की तू जाशील. मलाही वाटलं. मी मनातल्या मनात दोन खोल्या भाड्याने देऊन एकटीने कसं राहायचं याचा विचारही करून ठेवला होता.

तू फोनवर म्हणालीस, "आत्ता उन्हाळा आहे रे. दोन वेळा पाणी लागतं. सोडून कशी येऊ?"

पावसाळ्यात त्याने विचारलं तर, "तण असं माजतं या दिवसांत, आठवडा गेला की अंगण दिसत नाही." दसऱ्याला छाटणी होती. थंडीत म्हणालीस, "वर्षभर राबून आत्ता कुठे फुलं येतायत, आणि आत्ताच येऊ?" फाल्गुनात पानगळ झाली, तेव्हा तरी काही काम नव्हतं, तर तू खत घालायचं काढलंस. अनिकेत वैतागून मला म्हणाला, "आत्या, आईला माझ्यापेक्षा गुलाब जवळचे आहेत."

मला दोन वर्षं हे खरंच वाटत होतं. तिसऱ्या वर्षी माझ्या शाळेची सहल होती, चार दिवस मी घरी नव्हते. परत आले तर पुढच्या कुंड्यांतली माती कोरडी ठाक. तू म्हणालीस, विसरले. तू, जी दादाच्या आजारपणातही पाणी विसरली नव्हतीस. त्या दिवशी मला कळलं की झाडांवाचून तुझं अडत नाही. तू राहिलीस ती माझ्यासाठी. मी एकटी पडेन म्हणून. आणि हे तू मला कधी कळू देणार नव्हतीस, कारण कळलं असतं तर मी तुला राहू दिलं नसतं.

म्हणून मीही कळलं नाही असं दाखवत राहिले. सहा वर्षं. ते चुकलंच असेल. पण वहिनी, फोन ठेवून तू आत यायचीस आणि म्हणायचीस, "नाही म्हटलं बाई त्याला, इतकं काम पडलंय," तेव्हा मला किती हलकं वाटायचं ते तुला काय सांगू.

यंदाच्या एप्रिलमध्ये मात्र माझा तोल गेला. आपण गुलाबांवर हिरवी जाळी बांधत होतो. मी स्टुलावर, तू खाली दोरी धरून. आदल्या दिवशी अनिकेतची छोकरी फोनवर रडली होती, आजी वाढदिवसाला येत नाही म्हणून.

मी म्हटलं, "यंदा जाऊन ये. झाडांना मी पाणी घालते की."

"दोन वेळा घालावं लागतं."

"घालते."

"दुपारी जाळी खाली ओढावी लागते."

"ओढते. वहिनी, मला सगळं कळतं. हे झाडांचं निमित्त कुणासाठी आहे ते. मला कुणाची राखण नको आहे."

तू दोरी धरून वर बघत राहिलीस. "म्हणजे इतकी वर्षं मी इथे..." एवढंच बोललीस. वाक्य अर्धं टाकून, दोरी खांबाला नीट गाठ मारून आत गेलीस. दोन दिवस आपण चहा झाला का, कुकर लावला का एवढंच बोललो. तिसऱ्या दिवशी तू अनिकेतला तिकीट काढायला सांगितलंस.

मी तुला स्टेशनवर सोडायला आले. गाडी हलताना तू खिडकीतून म्हणालीस, "पिवळ्याला पाणी कमी." मी मान हलवली.

आठ दिवस मी सगळं चोख केलं. उजाडायच्या आत एकदा, उन्हं उतरल्यावर एकदा. नवव्या दिवशी मला ऊन लागलं. ताप चढला, उठता येईना. तुझा फोन आला की मी सांगायचे, सगळं ठीक आहे. यादम्माला तीन दिवस मी भिंतीपाशी दिसले नाही, तेव्हा ती आत आली आणि तिनेच तुला फोन लावला.

तेराव्या दिवशी तू दारात उभी होतीस. वाढदिवस अजून चार दिवसांवर होता. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत तू त्या गुलाबांमधूनच आली असशील. जाळीची गाठ सुटून ती एका बाजूला लोंबत होती आणि अर्धे गुलाब करपून काळे पडले होते. पिशवी खाली ठेवलीस आणि माझ्या कपाळाला हात लावलास.

"किती दिवस?"

"चार."

"कालही फोनवर ठीक आहे म्हणालीस?"

"हौ."

"हो म्हण," तू म्हणालीस, आणि पाण्याची पट्टी करायला गेलीस.

संध्याकाळी तू बाहेरच्या खोलीतून अनिकेतशी बोलत होतीस. मला वाटतं, मी झोपले आहे असं तू समजलीस. "बघितलंस? बारा दिवस गेले तर अर्धे गुलाब गेले. म्हणून म्हणते, मला निघता येत नाही... शैला? शैला बरी आहे. जरा थकलीय. तिची काही चूक नाही रे, ऊनच तसलं होतं." वाढदिवस चुकवल्याचा सगळा राग तू झाडांवर घेतलास, म्हणजे स्वतःवर. मी उठून बाहेर यायला हवं होतं. तो फोन तुझ्या हातातून घेऊन त्याला खरं सांगायला हवं होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आता त्याला सांगितलं आहे. परवा, रिक्षा यायच्या आधी. त्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतंस तर मी तिच्यावर चिडलो नसतो." खरं आहे. त्याचं ओझं आता मला बाळगायचं आहे, आणि मी ते बाळगीन.

करपलेले गुलाब पावसाळ्यात पुन्हा फुटले, ते तू पाहिलंसच. काही कलमाच्या वरून फुटले, काही खालून. खालचा फुटवा म्हणजे जंगली, त्याला तुझे गुलाब येणार नाहीत, बारीक पांढरी फुलं येतील, म्हणून तू ते उपटायला निघालीस. मी म्हटलं, इतकं जळून उठलंय, राहू दे. तू म्हणालीस, ते वरच्याला खाऊन टाकील. मग आपण म्हटलं, छाटणीच्या वेळी बघू. नवरात्रात, बतकम्माची फुलं रचायच्या दिवसांत, गल्लीतल्या बायका झेंडूची फुलं मागायला आल्या, तेव्हा तू यादम्माबरोबर फाटकाशी उभी राहून टोपल्या भरून दिल्यास. तिच्या तेलुगूतली 'वदिना' म्हणजे आपली वहिनीच. ती हाक ऐकली की तुला बरं वाटायचं. चार दिवसांनी तुझ्या छातीत दुखायला लागलं.

काल सकाळी मी आणि यादम्माने छाटणी केली. महिनाभर उशीर झाला आहे, त्यामुळे फुलं यंदा संक्रांतीच्या पुढे जातील. फांदीवरचा, बाहेर बघणारा डोळा शोधून त्याच्यावर तिरका काप घ्यायचा, हे मला इतक्या वर्षांच्या भांडणातून पाठ झालं होतं. कळ्या होत्या. कापल्या. जंगली फुटवे तीन होते, त्यातले दोन उपटले आणि एक ठेवला. गणिताच्या बाईने तुझं दोन तृतीयांश ऐकलं, असं समज. मागे वाल टोकला आहे, मेथी पेरली आहे. संक्रांतीनंतर दहा दिवस पुण्याला जाऊन येईन म्हणते. यादम्मा पाणी घालेल. तिला मी तसं विचारूनही ठेवलं आहे.

एक गोष्ट अनिकेतला माहीत नाही. तुला दवाखान्यात नेलं तेव्हा तो पुण्याहून निघायचा होता. तिथल्या बाईने कागद पुढे करून मला विचारलं, "आप पेशंट के क्या लगते?" मी सांगायला लागले, की ये मेरी भाभी, मेरे भाई की बीवी, भाई नहीं रहे, और मैं... माझं मलाच ते लांबत चाललेलं ऐकू येत होतं. तू स्ट्रेचरवर डोळे मिटून पडली होतीस. डोळे न उघडता म्हणालीस, "बहन है. लिखो."

"सगी?" तिने विचारलं.

"सगी," तू म्हणालीस.

मग दोन दिवस होते आपल्याकडे. बोलता आलं असतं. आपण काय बोललो? दूध नासलं असेल, यादम्माला किल्ली दे. तुझ्या चपला कुठे ठेवल्या. घरी जाऊन दोन घास खाऊन ये. मी गेले नाही, म्हणून तू रागावलीस. तिसऱ्या दिवशी दुपारी, अनिकेत आणि मी दोघंही जवळ असताना, तू गेलीस.

तुझ्या एका गोष्टीबद्दल मी फक्त भांडताना बोलले, आणि जे बोलले ते खोटं होतं. राखण नको म्हणाले. मला हवी होतीस तू. दादा गेल्यावर तू पुण्याला गेली असतीस तर मी जगले असते, माणसं जगतातच, पण कशी, ते मला माहीत आहे.

राहिलीस ते फार बरं केलंस, वहिनी.